कुंकवाच्या करंड्यातील इतिहास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा एखादे प्रवासवर्णन द्यावे असा माझा विचार होता. पण त्याच सुमारास मंडळाचे जुने दप्तर नीट लावून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आणि लेखाचा विषय आपोआप बदलला.

दप्तरात मासिक सभांच्या हजेरीची वही निराळी आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणांची वही निराळी. दोन्ही शेजारी ठेवून पाने उलटता उलटता एक गोष्ट ध्यानात आली. हळदीकुंकवाच्या वहीत काही नावे वर्षानुवर्षे येतात आणि एखाद्या वर्षी एकाएकी नाहीशी होतात. सभेच्या वहीत मात्र तीच नावे पुढेही चालू असतात. फक्त त्यांच्या आधीचे 'सौ.' जाऊन तेथे 'श्रीमती' आलेले असते. हा बदल करण्याचा ठराव कोणत्याही सभेत मांडलेला नाही, त्याला सूचक नाही, अनुमोदक नाही. तरीही पन्नास वर्षे तो बिनचूक अमलात येत राहिला आहे.

त्या गळालेल्या नावांत एक नाव आमच्या काकूंचे. मंडळाचे पहिले हळदीकुंकू ज्यांच्या ओसरीवर झाले, त्याच या काकू. यजमान गेल्यानंतरच्या संक्रांतीला त्या कामाला म्हणून आल्या, पण बाहेर सतरंजीवर बसल्या नाहीत. आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधीत राहिल्या. त्यांना 'आत जा' असे कोणी म्हटले नव्हते; 'बाहेर या' असेही कोणी म्हटले नाही. त्या दिवशी मी दाराशीच गुलाबदाणी घेऊन उभी होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

न लिहिलेला नियम इतका कडकपणे कसा पाळला जातो, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. त्याचे उत्तर शोधताना जे थोडेफार वाचले, ते मैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माणसांच्या चालीरीतींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या विद्येला मानवशास्त्र म्हणतात. या शास्त्रात विधींचा विचार फार बारकाईने झालेला आहे. आर्नोल्ड व्हान जेनेप या विद्वानाने १९०९ साली फ्रेंच भाषेत एक ग्रंथ लिहून असे दाखविले की, जन्म, वयात येणे, लग्न, मृत्यू अशा प्रसंगांचे विधी जगभर एकाच घडणीचे असतात. माणूस पहिल्या स्थितीतून बाहेर काढला जातो, काही काळ मधल्या अवस्थेत ठेवला जातो आणि शेवटी नव्या स्थितीत दाखल करून घेतला जातो. घराच्या उंबऱ्याची उपमा त्याने या मधल्या अवस्थेला दिली.

आपल्याला हे समजायला परदेशी ग्रंथाची फारशी गरज नाही. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरलेला अंतरपाट आठवावा. अंतरपाट आहे तोवर ती मुलगी धड माहेरची नाही आणि धड सासरचीही नाही. तो दूर होताच ती सून होते, आणि सासरच्या उंबऱ्यावरचे तांदळाचे माप ओलांडून घरात आली की नव्या घराने तिला आपली म्हटले, असा त्याचा अर्थ. बारसे, मुंज, डोहाळेजेवण, या सर्वांत ही तीन पावले ओळखू येतात.

व्हान जेनेपने दुखवट्याचाही विचार याच रीतीने केला. घरात मृत्यू झाला की घरचे लोक समाजापासून थोडे वेगळे होतात आणि ठरलेले दिवस संपले की समाज त्यांना पुन्हा आपल्यात घेतो. आपल्याकडेही तेराव्या दिवसानंतर घर पुन्हा व्यवहाराला लागते. मुलगा कामावर जातो, भाऊबंद आपापल्या गावी परततात. पत्नी वारली असेल तर पतीचेही सुतक फिटते आणि तो पुन्हा सर्वत्र मिसळू लागतो. पती वारला असेल तर मात्र त्या घरात एकीचे सुतक जन्मभर फिटत नाही. तिसरे पाऊल टाकायला तिला परवानगीच नसते. तिला उंबऱ्यावर आणून समाज तिला आत घ्यायला विसरतो.

आता ज्या वस्तूमुळे हे सारे दिसून येते, त्या हळदीकुंकवाकडे वळू. हळद आणि कुंकू ही आपण दोन मानतो, पण जुन्या पद्धतीच्या कुंकवाचे मूळ हळदच आहे. हळदीवर चुन्याची व खाराची क्रिया केली की पिवळा रंग तांबडा होतो. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवाच्या या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. आता बाजारात कृत्रिम रंगाचे कुंकू पुष्कळ येते, ही गोष्ट निराळी. पण पांढऱ्या कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, हे आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलेले आहे. करंड्यातल्या दोन वाट्या म्हणजे एकाच कंदाची दोन रूपे.

चैत्रात तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते; कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ आणि वाण. या समारंभांची धार्मिक बाजू आपण जाणतोच, पण त्यांची सामाजिक बाजूही लहान नाही. ज्या काळी घरच्या सुनेला कामावाचून उंबऱ्याबाहेर पडणे कठीण होते, त्या काळी हळदीकुंकवाच्या बोलावण्याला सासूही नाही म्हणत नसे. चार घरच्या बायका एकत्र बसाव्यात, सुखदुःख बोलावे, याला एवढे एकच सर्वमान्य निमित्त होते. वाणाचेही तसेच. देणे, घेणे आणि पुन्हा परत देणे या तीन बंधनांनी समाज बांधला जातो, असे मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने १९२५ साली भेटवस्तूंवरील निबंधात प्रतिपादन केले. आपले वाण म्हणजे त्या सिद्धांताचे घरगुती उदाहरण होय. एखादी वाटी, एखादा फणी-आरसा. वस्तू क्षुल्लक, पण तिच्यामुळे दोन घरांत येणेजाणे राहते.

या निमित्ताचे मोल ज्यांनी फार लवकर ओळखले, त्या सावित्रीबाई फुले. पुण्यात त्यांनी महिला सेवा मंडळ स्थापन केले होते. १४ जानेवारी १८५२ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, या मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ झाला. कोणत्याही जातीच्या स्त्रीने यावे, सर्वांना एकाच जाजमावर बसविण्यात येईल आणि भेदभाव न करता सर्वांना हळदीकुंकू लावून तिळगूळ देण्यात येईल, असे त्या निमंत्रणात स्पष्ट केलेले होते. विहिरीवरचे पाणीही जेथे जातवार होते, त्या काळात एका जाजमावर बसून एका करंड्यातले कुंकू लावून घेणे ही केवढी गोष्ट होती, याची कल्पना करावी. सावित्रीबाईंनी नवा विधी शोधला नाही. घरोघर चालणारा जुनाच विधी घेतला आणि त्याची निमंत्रणाची यादी बदलली.

पुढे स्वदेशीच्या चळवळीतही हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रिया एकत्र जमल्या. ज्यांना 'सभा' या शब्दाची भीती वाटत होती, त्या हळदीकुंकवाला निर्धास्तपणे आल्या. आपल्यासारखी महिला मंडळे गावोगाव उभी राहिली, त्यांतील कित्येकांची सुरुवात अशाच एखाद्या सतरंजीवर झाली असेल.

पण ज्या विधीने दार उघडले, त्याच विधीने एक भिंतही उभी केली. ही दुसरी बाजू समजण्यासाठी आणखी एका अभ्यासकाकडे जाऊ. व्हिक्टर टर्नर हे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या काही वर्षांत आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशाच्या वायव्य भागात एन्डेम्बू नावाच्या लोकांत जाऊन राहिले. या लोकांत वंश आईकडून मोजतात. मुलगी वयात आली की तिला एका झाडाच्या पायथ्याशी पांघरुणात गुंडाळून निजवितात. त्या झाडाची साल खरवडली की दुधासारखा पांढरा चीक येतो. हे झाड म्हणजे आईचे दूध, हे झाड म्हणजे आई आणि लेक, हे झाड म्हणजे आमचा सारा समाज, असे ते लोक सांगत. एकाच चिन्हात शरीराची खूण आणि समाजाचे नियम असे दोन्ही सामावलेले असतात, आणि म्हणूनच चिन्हाला एवढे बळ येते, हे टर्नर यांनी त्यावरून दाखविले.

पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. त्या झाडाभोवती बायका फेर धरून नाचतात, आणि त्या फेरात मुलीच्या स्वतःच्या आईला मात्र येऊ देत नाहीत. झाड मातृत्वाचे, सोहळा मायलेकींचा, आणि आई रिंगणाबाहेर! लोक तोंडाने सांगतात ते आणि विधीत प्रत्यक्ष घडते ते, या दोन्हींची नोंद वेगवेगळी केली पाहिजे, हा धडा त्यांनी यातून घेतला.

हेच आपल्याकडे इरावतीबाई कर्वे यांनी पाहिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या या विदुषी (१९०५-१९७०) एका दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेने चालत गेल्या. अभंग सर्वांनी एका सुरात म्हणायचे आणि जेवायला बसताना जातवार पंक्ती करायच्या, हे पाहून त्यांच्या मनाला झालेले दुःख त्यांनी लिहून ठेवले आहे. भक्तीवर त्यांचा राग नव्हता. तोंडात 'सर्व सारखे' आणि चुली वेगळ्या, हे त्यांना पाहवले नाही.

ही दृष्टी घेऊन आपल्या दोन वह्यांकडे पुन्हा पाहावे. हळदीकुंकू हा स्त्रीत्वाचा सन्मान, असे आपण म्हणतो. मग ज्या स्त्रीवर दुःख कोसळले आहे, तिचे नाव त्या वहीतून का जाते?

यावर नेहमीचे उत्तर असे की, कुंकू हे पतीचे देणे, पती गेला की तेही गेले. हे उत्तर तपासून पाहिले तर टिकत नाही. कुंकू आपण लग्नानंतर प्रथम लावत नाही. पाळण्यातल्या मुलीलाही तीट आणि कुंकू लावतात, लहानपणीच बांगड्या भरतात, कुमारिकेला हळदीकुंकवाला मानाने बोलावितात. लग्नात मिळते ते मंगळसूत्र आणि जोडवी. कुंकू आणि बांगड्या तिच्या स्वतःच्या, माहेराहून आलेल्या. पती निधन पावल्यावर जो विधी केला जात असे, त्यात मात्र कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे हे सारे एकदम होई. तो लग्नाचाच विधी उलट्या क्रमाने केलेला असे, आणि त्या भरात जे लग्नाने दिलेले नव्हते तेही हिरावून घेतले जाई.

बरे, दोष हळदीत म्हणावा, तर जेजुरीला जावे. खंडोबाचा भंडारा म्हणजे हळदच. तो उधळला की सवाष्ण, विधवा, पुरुष, पोर, सर्वांच्या कपाळी सारखाच पडतो. पंढरपुरात बुक्का लावताना कोणी कोणाला तुझे यजमान आहेत का, असे विचारीत नाही. उलट चिन्ह निराळे असले तरी रीत तीच, असेही दिसते. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात लग्नाआधी वधूला 'चुडो' भरतात, आणि पती वारला की त्याच्या शवपेटीवर त्या बांगड्या फोडण्याची चाल होती. धर्म बदलला तरी चाल राहिली. यावरून एवढेच निघते की, बळ पुडीत नाही. त्या पुडीचा अर्थ ठरविणाऱ्या माणसांच्या रिंगणात ते आहे.

हे रिंगण मोडण्याचा यत्न आपल्या महाराष्ट्रात पुष्कळांनी केला. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून, पत्नी गेल्यावर पुरुषाला काही सोडावे लागत नाही, मग स्त्रीलाच का, असा रोखठोक सवाल केला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ च्या ११ मार्चलाच पुनर्विवाह केला, आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. इरावतीबाई पुढे याच कर्व्यांच्या घरात सून म्हणून आल्या. पतीच्या पश्चात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले.

सर्व जातींत चाल एकच नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. कित्येक समाजांत पाट लावण्याची म्हणजे पुनर्विवाहाची रीत पूर्वीपासून होती. केशवपनाची सक्ती मुख्यत्वे ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्यांत. पण पाट लावलेल्या स्त्रीलाही पहिल्या लग्नाच्या सवाष्णीचा मान सहसा मिळत नसे. म्हणजे रिंगण थोडे सैल होते, पण होते.

या इतिहासातील एक घटना मला विशेष बोलकी वाटते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे ठरविले. शास्त्रार्थाच्या वादात ते पडले नाहीत. विधी पार पाडायला कोणाचे तरी हात लागतात, आणि ते हात आमचे आहेत, एवढे त्यांनी ओळखले.

अगदी अलीकडची गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडची. शिरोळ तालुक्यातील या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, आमच्या गावात यापुढे कोणा स्त्रीचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच महिन्यात शंभर वर्षे पूर्ण झाली होती. ज्या महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा-पुनर्विवाहाचा कायदा केला, त्यांच्याच मुलखात हा ठराव झाला. पुढे त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हे अनुकरण करावे असे सुचविले.

हेरवाडने पुसण्याचा विधी थांबविला, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु कुंकू न पुसणे ही एक गोष्ट आणि पुढल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे जाणे ही दुसरी. ते बोलावणे ग्रामसभा पाठवीत नाही, सरकारही पाठवीत नाही. ते आपण पाठवितो. मुंबईच्या न्हाव्यांच्या हातात वस्तरा होता, आपल्या हातात करंडा आहे.

काही वडीलधाऱ्या मैत्रिणींना हे रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. आपल्या हातून काही अमंगल घडू नये, यजमानांना, मुलाबाळांना काही होऊ नये, अशी भीती त्यामागे असते. ती प्रेमातून आलेली भीती आहे, तिची थट्टा करणे बरे नाही. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, जिने आपल्या बाळंतपणात रात्र जागून काढली, आपल्या मुलाच्या परीक्षेसाठी देवापाशी दिवा लावला, तिची सावली एका संध्याकाळीच अमंगल कशी होते? आणि दुसरीही एक बाजू आहे. काही स्त्रियांना पतीच्या पश्चात कुंकू लावावेसे वाटत नाही. त्यांच्या मनाचा तो कौल आहे, त्यांच्यावर बळजबरी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण 'तिला आवडणार नाही' असे परस्पर ठरवून तिला बोलावणेच न पाठविणे, हा तिचा मान राखणे नव्हे.

काही ठिकाणी अशा स्त्रियांना बोलावितात, पण कुंकवाऐवजी फक्त फूल देतात. हेतू चांगला असतो, पण रेघ तशीच राहते. भिंतीला खिडकी पडली एवढेच. त्यापेक्षा करंडा सर्वांपुढे सारखा यावा, जिला हवे तिने लावून घ्यावे, नको तिने हात जोडावेत. तिळगूळ, वाण आणि सतरंजीवरची जागा सर्वांना एकच असावी.

हे लिहिण्यापूर्वी मी काकूंना भेटून आले. त्यांनी आता नव्वदी गाठली आहे. त्या दिवशी आत का बसलात, असे विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, नको कुणीच म्हटलं नाही. पण हाकही कुणी मारली नाही ना!"

त्यांच्या या एका वाक्यात माझ्या साऱ्या वाचनाचे सार आले. तेव्हा वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझी एक साधी सूचना आहे. तिला सूचक मी आहे, अनुमोदन आपण द्यावे. यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची निराळी वही करू नये. सभेची वहीच समोर घ्यावी आणि तिच्यातल्या प्रत्येक नावाला बोलावणे जावे. काकूंच्या घरी निमंत्रण घेऊन मी स्वतः जाणार आहे. त्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसवत नाही, म्हणून सतरंजीच्या कडेला एक खुर्ची मांडून ठेवावी.